पाठ चालू असताना नेट का जातं

४ मे, रविवार

पुन्हा गेलं. नानाजींचा हात वर, तोंड अर्धं उघडं, ओळीचा निम्मा अर्थ सांगून झालेला — आणि तसेच थिजले. चेहऱ्याच्या मधोमध ते वर्तुळ फिरत राहिलं. मी इकडून हाका मारतोय, ते फोटोसारखे. शेवटी साध्या फोनवरून लावला. म्हटलं, माफ करा, माझं नेट गेलं.

"जाऊ दे गा," म्हणाले. "उद्या पाहू."

उद्या पाहू, उद्या पाहू करता करता उन्हाळा अर्धा गेला. ग्रंथ छोटासा. न्यायाचा, म्हणजे तर्कशास्त्राचा. शेवटचा, शब्दप्रमाणाचा भाग तेवढा राहिलाय. छापील प्रत कुठेही मिळते, पण नुसत्या प्रतीने काही होत नाही. ओळ कुठे तोडायची, कुठली शंका कोणाची, उत्तर कुठे सुरू होतं — हे नानाजींना त्यांच्या गुरूंनी तोंडी दिलं, त्यांना त्यांच्या गुरूंनी. कुठे लिहिलेलं नाही. नानाजी शहाऐंशीचे. जन्मभर नागपुरात शाळेत संस्कृत शिकवलं, आता नरखेडकडे मुलाच्या संत्र्याच्या बागेत राहतात. हा भाग त्यांच्याकडून घ्यायचा राहिला तर राहिलाच. मागाहून विचारायला माणूस नाही.

मी स्वतःच गेलो असतो. पण गेल्या महिन्यात बायकोबरोबर, कामिनीबरोबर, इतवारीच्या बाजारात भांडी घ्यायला गेलो आणि मागून हातठेला आला. पाय प्लॅस्टरमध्ये. भांड्यांना पोचा आला नाही, हे कामिनी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून सांगते.

५ मे, सोमवार

कामिनीचा उपाय एकच : बंद करा, चालू करा. मिक्सर, टीव्ही, तिच्या कचेरीतला प्रिंटर — सगळ्यांना तिने हाच लावून पाहिलाय. साहेबांनाही लावला असता, पण त्यांना बटण नाही म्हणते.

राउटर बंद केला. चालू केला. दिवे लुकलुकले. लॅपटॉपही बंद, चालू. पाच वाजता पाठ सुरू. सव्वापाचला वर्तुळ!

एक प्रश्न मात्र सुटत नाही. नेट जातं म्हणजे काय होतं? आमच्या शास्त्रात मडकं फुटलं की निदान खापरं उरतात. नेट गेल्यावर मागे काय उरतं? मी दोन तास विचार केला. पाय वर टांगलेल्या माणसाला वेळ भरपूर असतो.

६ मे, मंगळवार

इंटरनेट कंपनीचा प्रेमानंद येऊन गेला. राउटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "सर, इथून तर ओके आहे." माझ्या लॅपटॉपवर बोट ठेवून म्हणाला, "प्रॉब्लेम याच्यात असन." लॅपटॉपवाल्याला फोन केला, तो म्हणाला प्रॉब्लेम राउटरमध्ये असेल. वादी आणि प्रतिवादी दोघेही ठाम. मध्यस्थ मी. मला दोन्हीतलं काही कळत नाही, म्हणजे मध्यस्थाची पात्रता पुरेपूर.

प्रेमानंदाने जाता जाता विचारलं, व्हिडिओवर काय शिकता एवढं? म्हटलं, शब्दावर विश्वास कधी ठेवावा, ते. तो म्हणाला, हे तर आमच्या कस्टमरला शिकवा सर.

७ मे, बुधवार

लॅपटॉपच्या पोटात शिरलो. सेटिंग्जच्या आत सेटिंग्ज, त्याच्या आत आणखी. तिथे एक चौकोन सापडला, त्यात बरोबरची खूण. अर्थ असा की, वीज वाचवण्यासाठी संगणकाने वाटेल तेव्हा वायफायचं यंत्र झोपवावं, मालकाची हरकत नाही. मी हरकत नाही असं कधी म्हणालो? मला कोणी विचारलंच नाही. खूण काढून टाकली. फार बरं वाटलं. पंचवीस वर्षांच्या संसारात एवढ्या सहज एवढं मोठं काम झालं नव्हतं.

नेटवर्क 'विसरा' असंही एक बटण आहे. दाबलं, विसरला. पासवर्ड दिला, आठवलं. माणसांना हे बटण का नाही?

आसपासच्या वायफायची यादीही दिसते. बिल्डिंगमधले सगळे हजर : 'ऋषिकेश होम', 'नूपुर५जी', 'मांगना मत', आणि कोणीतरी 'बापूजी का आशीर्वाद'. हवेत एवढे लोक एकमेकांना धक्के देत असतील तर माझा आवाज नरखेडला पोचतो हेच नवल.

पाठ आज जरा बरा चालला. मग वर्तुळ. मी "माझंच गेलं" म्हणायच्या आत नानाजीच म्हणाले, "तुयं नेट गेलं गा."

९ मे, शुक्रवार

आज लक्षात आलं — हे दोन वेगवेगळे रोग आहेत.

एकात चित्र थिजतं, वर्तुळ फिरतं, कधी कधी माणूस परतही येतो. ही मूर्च्छा.

दुसऱ्यात असलं काही होत नाही. नानाजी चांगले हलतेबोलते असतात आणि एकाएकी खिडकीच मिटते. मागे एक नम्र पाटी उरते : कॉल कसा वाटला? तारे द्या. हे मरण. (मेल्यावर तारे मागणारं मरण मी पहिल्यांदा पाहिलं.)

मूर्च्छेचं कारण वेगळं, मरणाचं वेगळं असणार. कार्य भिन्न तर कारण भिन्न. कामिनीला सांगितलं. ती म्हणाली, दोन्हीत तुमचा पाठ बंदच पडतो ना?

११ मे, रविवार

सापडलं! निम्मं तरी.

अन्वय-व्यतिरेक लावला. हे असताना ते असतं, हे नसताना ते नसतं — तर हे त्याचं कारण. गेले काही दिवस मूर्च्छा कधी येते ते पाहत होतो. सकाळी येत नाही. कामिनी कचेरीत असताना मी एकटा काटकसरीने नुसत्या पंख्याखाली पडून असतो, तेव्हाही येत नाही. ती आली, हुश्श म्हणाली, कूलर लावला की येते!

आता पुढचं. वायफाय बसवलं जानेवारीत. तार घरात घ्यायची कुठून? प्रेमानंदाने हॉलची खिडकी पाहिली. कूलरची खिडकी — ती नाहीतरी कधी नीट मिटत नाही, तिथूनच घेऊ, म्हणाला. आम्हालाही पटलं. भिंतीला भोक नको. तेव्हा कूलर गच्चीवर पालथा होता. होळी झाली, कूलर खाली आला, नवी खस भरली, खिडकीत बसला. राउटर त्याच्या पाठीमागे फळीवर राहिला. म्हणजे राउटर आणि माझ्यामध्ये काय? पत्र्याची पेटी, टाकीभर पाणी, तीन बाजूंनी ओली खस, आणि कूलर लावला की गरगरणारी मोटर. बिचारे तरंग गारेगार होऊन तिथेच बसत असणार!

अख्ख्या नागपुरात तार कूलरच्या खिडकीतूनच आत येत असेल. आणि अख्खं नागपूर उन्हाळ्यात म्हणत असेल, कंपनी बेकार आहे.

व्यतिरेक तपासण्यासाठी कामिनीला कूलर बंद करायला सांगितला. नेट सुसाट. कामिनी पदराने वारा घेत समोर उभी. "तुमचं शास्त्र झालं असंल तर चालू करू का? जीव चालला माझा." चालू केला. वर्तुळ! मला एवढा आनंद झाला की ती म्हणाली, लग्नात पण एवढे हसले नव्हते.

१२ मे, सोमवार

प्रेमानंदाने लांब तार आणली. राउटरपासून थेट लॅपटॉपात. हवेचा संबंधच संपला. तार हॉलमधून, दाराच्या फटीतून, पलंगाखालून. कामिनी एकदा अडखळली. "आता माझाही मोडा पाय. दोघं बसू पाठाला."

१३ मे, मंगळवार

मूर्च्छा गेली. कूलर गरगर फिरतोय, नानाजी स्पष्ट. त्यांच्या मागचं संत्र्याचं झाड हलताना दिसतं. खूप दिवसांनी त्यांचा चेहरा नीट पाहिला. बारीक झालेत.

ओळ वाचली मी. ते डोळे मिटून, हातात पुस्तक नाही — कधीच नसायचं. पुस्तक उघडून शिकवणारा मास्तर म्हणजे चिठ्ठी पाहून जेवणारा माणूस, असं म्हणत. त्यांच्या गुरूंनी त्यांच्यासमोर जन्मात पोथी उघडली नाही, यांनी आमच्यासमोर नाही. रेकॉर्डही करू देत नाहीत. मागे विचारलं होतं तर म्हणाले, "यंत्राले शिकवाचं असंल तर तुले कायले बसवून ठेवलं?"

अर्थ सांगू लागले. मी विचारलं, पण इथे ही शंका कोण घेतंय? आपल्यातलाच की समोरचा?

खिडकी मिटली. तारे द्या.

फोन आला त्यांचा. "तुयं नेट गेलं गा केशवा."

तार असताना? तार कशी जाईल?

१५ मे, गुरुवार

नवी गंमत शिकलो. एक काळी खिडकी उघडते, त्यात 'पिंग' लिहायचं आणि पुढे पत्ता. लॅपटॉप त्या पत्त्याला हाक मारतो, तिकडून ओ येते. हाक, ओ, हाक, ओ — ओळीवर ओळ उतरत राहते. नेट तुटलं की ओ यायची थांबते. मी ही खिडकी पाठाच्या शेजारी उघडी ठेवली. साक्षीदार!

परवाच्याच ओळीवर पुन्हा मरण. साक्षीदाराकडे पाहिलं. हाक, ओ, हाक, ओ. एक ओळ चुकली नव्हती. माझ्या घरातून जगाला हाक जातेय, जगाची ओ येतेय. फक्त नानाजी नाहीत.

अजब आहे. झोप लागायच्या आधीपर्यंत याचाच विचार. काय आवडतंय मला यात? पण आवडतंय.

१६ मे, शुक्रवार

मरणाचा अन्वय लावायला बसलो.

नानाजी पावसाचं बोलतात, संत्र्याच्या मृग बहाराचं बोलतात, मुलाचा पंप बिघडला ते सांगतात — काही होत नाही. सोपी ओळ — काही होत नाही. मी "पण इथे असं का?" विचारलं की मिटते.

प्रश्नाने नेट जातं? हे कारण मानायला मन तयार नाही. मग म्हटलं, पाच वाजता तिकडे पंप सुरू होत असतील, विजेचा काही खेळ असेल. कामिनी भाजी निवडत होती. तिला साग्रसंगीत सांगितलं. राउटर तपासला, लॅपटॉप तपासला, तार नवी, साक्षीदार ठेवला.

"आणि नानाजींकडचं?"

तिकडचं काय, नानाजी म्हणतात माझंच जातं.

"ते म्हणतात म्हणून?" ती म्हणाली, आणि शेंगा मोडत राहिली.

१७ मे, शनिवार

रोशनीला फोन केला. नानाजींची सून. ती दुपारी बागेतून घरी येते, नानाजी तेव्हा झोपलेले असतात. म्हटलं, माझं नेट तर आता चांगलं झालंय, तिकडे रेंजचा त्रास आहे का, पाच वाजता पंप-बिंप?

तिने आधी रेंज मस्त आहे म्हणून सांगितलं, पोरं दिवसभर सिनेमे पाहून राहतात म्हणाली. मग आवाज खाली आणला.

"सर, बुरा नका मानू. तो फोन तर बाबाच बंद करतेत. लाल बटन मीच शिकवलं त्याईले."

ती पुढे सांगत गेली. बंद केल्यावर थोडा वेळ तसेच बसतात. मग आतल्या पेटीतून पोथी काढतात, भिंग लावून पाहतात. पानं मागेपुढे करतात. ओठ हलत असतात. सापडत नाही बहुतेक. मग मला फोन. जेवताना कधी कधी विचारतात, आज मी केशवला कुठपर्यंत सांगितलं? तिला कसं माहीत असणार. डॉक्टरकडे चला म्हटलं तर चिडतात, म्हणतात, मले काय झालं?

"मले वाटलं तुमचं शिकवणं असंच असते, सर. एका टायमाले तेवढंच सांगाचं असते."

हो म्हणालो. असंच असतं.

१८ मे, रविवार

युक्ती त्यांना मीच शिकवली. "माझं नेट गेलं" — महिनाभर रोज मीच तर म्हणत होतो.

१९ मे, सोमवार

सगळं तपासलं मी. विजेवर संशय घेतला, पाण्यावर, पत्र्यावर, प्रेमानंदावर, शेजाऱ्यांच्या हवेवर. एक वाक्य तेवढं तपासलं नाही, कारण ते नानाजींचं होतं. विश्वासाच्या माणसाचा शब्द हे प्रमाण — हाच तर भाग वाचतोय आम्ही. आणि तो भाग मला शिकवणारा माणूस रोज साडेपाचला मला खोटं सांगत होता. मला राग यायला हवा होता. आला नाही. शोधल्यावर जी मजा येते ती मात्र पार उतरली.

आज पाठ घेतला नाही. पाय ठणकतोय म्हणून कळवलं. त्यांनी लगेच "बरं" म्हटलं. मला वाटतं सुटल्यासारखं म्हटलं.

कामिनी म्हणते, सांगून टाका त्यांना, मला कळलंय म्हणून. सांगितलं तर दुसऱ्या दिवसापासून पाठ बंद. ते पुन्हा माझ्यासमोर बसणार नाहीत, हे मला तिच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. न सांगितलं तर रोज त्याच ओळीपाशी थांबणार, रोज पेटी उघडणार, रोज भिंग. ग्रंथ पुढे सरकत नाही दोन्हीकडून.

आणि ती ओळ — तिचं उत्तर त्यांच्याकडे नसेल तर कोणाकडेच नाही.

कामिनीने चहा आणून ठेवला. "मग तुम्ही काय करणार?" तारेला पाय लागू नये म्हणून तिने आता पाट उभा करून ठेवलाय.

२१ मे, बुधवार

पाठ झाला. मी सोप्या ओळी मागे जाऊन पुन्हा वाचल्या, उजळणीच्या नावाखाली. नानाजी खुलले. जुन्या दिवसांसारखं बोटांनी हवेत पदं मांडून दाखवली. एका विद्यार्थ्याची नक्कल केली, जो दर प्रश्नाला "बहुतेक" म्हणायचा. "बहुतेक म्हणणाऱ्यानं वकिली करावी गा, न्याय शिकू नये."

मग ते स्वतःच म्हणाले, पुढे चल. मी पुढे गेलो. ती ओळ आली. मी प्रश्न विचारलाच नाही, तरी ते थांबले. डोळे उघडले. इकडे तिकडे पाहिलं. हात फोनकडे यायला लागला, बोट पडद्यावर मोठं दिसलं —

मी तार उपटली.

साधा फोन लावला. म्हटलं, माफ करा नानाजी, माझं गेलं. ही कंपनी बेकार आहे. कूलरचं पाणी, तारेला गंज, काय काय सांगत गेलो.

त्यांच्या मागे कुठे तरी मोटारसायकल येऊन थांबली.

"बरं," म्हणाले.

२२ मे, गुरुवार

पाच वाजून गेले. मी लावला नाही, त्यांनी लावला नाही.

२३ मे, शुक्रवार

आज त्यांनीच लावला. तुयं नेट चांगलं झालं म्हणे, रोशनी सांगत होती, म्हणाले. मी हो म्हटलं. मग म्हणाले, "ती ओळ आता तू लाव. मी ऐकून राहिलो."

लावली मी. शंका आपल्यातल्याची धरली, उत्तर पुढच्या अर्ध्या ओळीत. ते डोळे मिटून होते. संपल्यावर म्हणाले, "पुढं."

बरोबर का, ते मी विचारलं नाही. चुकली असेल, तर आता ती तशीच पुढे जाणार.